शेवटची चांगली प्रत किती जुनी? बॅकअप शेड्यूलरच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

आजपासून आमच्या बॅकअप प्रोग्रॅमचा शेड्यूलर, म्हणजे कुठलं काम कधी सुरू करायचं ते ठरवणारा भाग, नव्याने लिहायला घेतला. निमित्त गेल्या आठवड्यातल्या लॅपटॉपचं. त्याची डिस्क गेली. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या मशीनपुढे हिरवी खूण होती आणि शेजारी "रोज रात्री २:००" असं लिहिलेलं होतं. त्यामुळे निर्धास्तपणे रिस्टोअर करायला बसलो, तर सर्वांत नवी प्रत २३ दिवसांपूर्वीची निघाली.

लॉग उघडला. त्यात एकही चूक नोंदलेली नव्हती, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. लॅपटॉप वापरणारी बाई संध्याकाळी काम संपलं की झाकण मिटायची. रात्री दोनला मशीन झोपलेलं. ठरलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅमचा स्वभाव असा की ठरलेल्या मिनिटाला मशीन जागं नसेल तर ते काम गेलं; सकाळी जाग आल्यावर तो मागे वळून बघत नाही. काम सुरूच झालं नाही म्हणून अपयश नाही, आणि अपयश नाही म्हणून लाल खूण नाही. २३ दिवसांपूर्वी एका रात्री मशीन उघडं राहिलं होतं, त्या रात्रीची तेवढी एक प्रत हाती लागली.

तेवीस दिवसांचं लिखाण गेलं. ती आमच्यावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पण तिथे हिरवं दिसत होतं ना?" हे वाक्य मी आराखड्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

त्याखाली आजचा निर्णय: "बॅकअप किती वाजता घ्यायचा?" असं कुणाला विचारायचंच नाही. "किती जुनी प्रत चालेल?" असं विचारायचं. हिशोबाचं फोल्डर असेल तर चार तास, फोटो असतील तर सात दिवस. या आकड्याला आम्ही वयोमर्यादा म्हणतोय, आणि ज्या फोल्डरांना ती लागू होते त्यांना संच. शेड्यूलरने यापुढे वयोमर्यादा पाळायची.

५ फेब्रुवारी

हुकलेलं काम नंतर भरून काढायची सोय जुनीच आहे. अनाक्रॉन त्यासाठीच आहे, पण त्याचा हिशोब दिवसांचा, तासांचा नव्हे. लिनक्सवर कामं सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू केलं की मशीन बंद असताना हुकलेलं काम सुरू झाल्याबरोबर केलं जातं. दोन्ही उपयोगाचे, पण दोघांचंही लक्ष काम सुरू झालं का यावर. नीट पार पडलं का, वाचता येईल अशी प्रत तयार झाली का, हे त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी फक्त नोंदवही बघतो: प्रत्येक संचाची शेवटची चांगली प्रत कधीची, मर्यादा किती. दोन संच एकदम वाट बघत असतील तर आधी कोण, या प्रश्नावर मात्र अख्खी दुपार गेली.

पहिला विचार सरळ होता. वय भागिले मर्यादा, ज्याचा भागाकार मोठा तो आधी. हिशोबाच्या फोल्डरची प्रत तीन तास जुनी, मर्यादा चार, म्हणजे ०.७५. फोटोंची प्रत सहा दिवस जुनी, मर्यादा सात, म्हणजे सुमारे ०.८६. या रीतीने आधी फोटो जातात. फोटोंना लागतात पाच तास. तेवढ्यात हिशोबाची मर्यादा उलटून जाते, आणि फोटोंना खरं तर काहीच घाई नव्हती.

मग उलटा हिशोब मांडला: हा संच मर्यादेत बसवायचा तर उशिरात उशिरा कधी सुरू करावा लागेल? उरलेल्या वेळातून कामाला लागणारा वेळ वजा करायचा. फोटोंचे २४ तास उरले, काम पाच तासांचं, म्हणजे १९ तास सवड. हिशोबाचा एक तास उरला, काम सहा मिनिटांचं, म्हणजे ५४ मिनिटं सवड. ज्याची सवड कमी तो आधी. कामाचा वेळ गेल्या काही फेऱ्यांमधल्या सर्वांत लांब फेरीवरून घेतला. सरासरी घेतली असती तर वाईट दिवशी हमखास फसलो असतो.

आणखी एक: लांब काम चालू असताना छोटं निकडीचं काम आलं तर लांबचं थांबवता यायला हवं आणि पुढे तिथूनच सुरू करता यायला हवं. आपल्याकडे डेटा तुकड्यांनी जातो आणि पोचलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागत नाही, त्यामुळे हे फारसं अवघड गेलं नाही.

१० फेब्रुवारी

आज सहकारी मैत्रिणीने माझी एक मोठी चूक पकडली. ती डेटाबेस सांभाळते, त्यामुळे वेळेच्या बाबतीत तिची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे. मी प्रतीचं वय काम संपल्याच्या वेळेपासून मोजत होतो.

"दहाला सुरू केलंस, दोनला संपलं," ती म्हणाली. "दहा वाजून पाच मिनिटांनी वाचलेली फाइल साडेदहाला बदलली. तो बदल तुझ्या प्रतीत आहे का?"

"नाही."

"मग दोन वाजता ती प्रत शून्य तास जुनी कशी? ती चार तास जुनी आहे."

बरोबर आहे. वय सुरू झाल्याच्या क्षणापासून मोजायचं, स्नॅपशॉट (डिस्कची एका क्षणाची गोठवलेली स्थिती) घेत असू तर स्नॅपशॉटच्या क्षणापासून. आणि ते मोजायला सुरुवात करायची काम पूर्ण झाल्यावरच. याचा सरळ परिणाम असा की ज्या कामाला पाच तास लागतात त्याला चार तासांची मर्यादा देताच येत नाही. पूर्वी आमचा प्रोग्रॅम असली सेटिंग निमूट मान्य करायचा. आता तो तिथेच सांगतो की हे जमणार नाही: संच लहान करा नाहीतर मर्यादा वाढवा.

घड्याळाबद्दलही आजच ठरवून टाकलं. नोंदी सगळ्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. कामाला किती वेळ लागला हे मशीनच्या नेहमीच्या घड्याळातल्या दोन वेळा वजा करून काढायचं नाही, कारण मधेच कुणी घड्याळ दुरुस्त केलं तर काम उणे वीस मिनिटांत झालेलं दिसतं. त्यासाठी मागे न जाणारं, मोनोटॉनिक घड्याळ वापरायचं. आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपली की मशीन कित्येक वर्षं मागे जाऊन उठतं. तेव्हा शेवटची प्रत भविष्यातली दिसते. असं उणे वय आलं तर "अजून खूप अवकाश आहे" असा अर्थ न लावता संच लगेच घ्यायचा आणि घड्याळ बिघडल्याची सूचना द्यायची.

१४ फेब्रुवारी

लोकांना रात्रीची वेळ हवी असते यात चूक नाही. दिवसा नेटवर्क कामाला लागतं, डिस्क खडखडली की माणसं वैतागतात. म्हणून 'पसंतीचे तास' ठेवलेत. सवड असेल तोवर शेड्यूलर त्या तासांची वाट बघेल; सवड संपत आली की दिवसाढवळ्या सुरू करेल, फक्त वेग आवरून.

पसंतीच्या तासांची चाचणी करताना घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांचा विचार करावा लागला. मध्य युरोपात येत्या ३० मार्चला पहाटे दोनचे एकदम तीन वाजतील. त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. २६ ऑक्टोबरला तीनचे पुन्हा दोन होतील आणि अडीच दोनदा वाजतील. क्रॉनच्या काही आवृत्त्या यातून वाट काढतात, काही काढत नाहीत. वयावर चालणाऱ्या शेड्यूलरला हा प्रश्न पडतच नाही. पसंतीच्या तासांची खिडकी तासाने आक्रसते किंवा लांबते, एवढंच.

महिन्याच्या बॅकअपचंही असंच. कुणीतरी "दर ३१ तारखेला" असं लावून ठेवलं होतं. वर्षात ३१ दिवसांचे महिने सातच. उरलेल्या पाच महिन्यांत काहीच व्हायचं नाही. हे बघताना लक्षात आलं की 'महिन्याचा बॅकअप' ही मुळात घ्यायची गोष्टच नाही. प्रती रोजच घेतल्या जातात. त्यातली कुठली महिनाभराची म्हणून राखायची, हा साफसफाईच्या वेळचा निर्णय आहे. शेड्यूलरमधून 'मासिक' हा शब्दच काढून टाकला.

१९ फेब्रुवारी

पहिल्या पूर्ण प्रतीचा हिशोब. एक टेराबाइट, १०० मेगाबिटची लाइन: ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांच्या वर, तेही लाइन पूर्ण आपल्याला मिळाली तर. म्हणजे प्रत्यक्षात दुसरा दिवस उजाडतोच. जुन्या पद्धतीत दुसऱ्या रात्री दोनला त्याच्या उरावर दुसरं काम सुरू व्हायचं आणि दोघं मिळून तिसऱ्या रात्रीपर्यंत रेंगाळायची.

एका वेळी एकच काम चालावं म्हणून कुलूप लावलं. आधी कुलपाची फाइल तयार करून त्यात प्रोसेसचा क्रमांक लिहीत होतो, पण वीज गेली की ती फाइल मागे राहते आणि पुढचं प्रत्येक काम "आधीचं चालू आहे" म्हणून परत जातं. पुन्हा तेच, शांतपणे बंद पडणं. आता कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं कुलूप, फ्लॉक. प्रोसेस मेली की ते आपोआप सुटतं.

सगळी मशीन ठोक्याला एकदम सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला मशीनच्या नावावरून काढलेला ठरावीक उशीर दिला. रोज तोच, म्हणजे लॉग वाचताना गोंधळ होत नाही.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस एका बाहेरच्या डिस्कने छळलं. दर वेळी सगळ्याच फाइली नव्याने कॉपी होत होत्या. कुणी काही बदललेलं नाही, तरी तासन्‌तास डिस्क चालू.

शेवटी एकच फाइल घेतली आणि दोन्हीकडची बदलाची वेळ सेकंदापर्यंत छापली. मूळ जागी ११:४२:३७. डिस्कवर ११:४२:३६.

डिस्क फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि फॅटमध्ये बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने साठते. विषम सेकंद तिथे मावतच नाही. म्हणजे निम्म्या फाइली कायमच 'बदललेल्या' दिसणार. बाकीच्या निम्म्यांना आमच्याच कोडने घोळात घेतलं होतं, कारण मी सेकंदाच्या खालचे अंशही ताडून बघत होतो. त्यातून फॅट वेळ साठवते ती स्थानिक; टाइमझोन बदलला की अख्खी डिस्क काही तासांनी सरकते. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅममध्ये यासाठी थोडा फरक चालवून घेण्याचा पर्याय आहे. आम्हीही जागेनुसार दोन सेकंदांची सूट दिली.

पण सूट देताना मन खात होतं. आकार आणि बदलाची वेळ जुळली म्हणजे फाइल तीच, हे गृहीत धरूनच सगळा वेग मिळतो. आरसिंकसुद्धा न सांगता हेच धरून चालतो. काही प्रोग्रॅम मजकूर बदलून बदलाची वेळ पूर्वीसारखी करून ठेवतात. डिस्कवरचा एखादा बिट सडला तर वेळही बदलत नाही आणि आकारही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक फाइल पूर्ण वाचून चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडायचा. वेळ जुनीच, आकार तोच आणि मजकूर वेगळा असेल, तर जुनी प्रत दाबून टाकायची नाही. दोन्ही ठेवायच्या आणि माणसाला सांगायचं. कारण कदाचित खराब झालेली मूळ फाइल असेल आणि चांगली आपल्याकडची.

२८ फेब्रुवारी

आज मैत्रिणीने मला माझ्याच हातांनी प्रयोग करायला लावला. एक एसक्यूलाइट डेटाबेस, त्यात एक स्क्रिप्ट सतत ओळी भरतेय, आणि आमचा प्रोग्रॅम नेहमीसारखा त्या फाइलची कॉपी करतोय. वीस वेळा केलं. बहुतेक प्रती उघडल्या. तीन उघडल्या नाहीत: 'डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड', म्हणजे फाइल बिघडलेली. आणि एक उघडली, पण तिच्यात शेवटच्या काही हजार ओळी नव्हत्या, कारण त्या अजून शेजारच्या वॉल फाइलमध्ये (ताजे बदल आधी जिथे लिहिले जातात ती) होत्या आणि ती आम्ही नंतरच्या क्षणी उचलली होती.

"तू फाइल उचललीस, डेटाबेस नाही उचललास," ती म्हणाली.

मला त्या तीनपेक्षा उघडलेल्या प्रतीने जास्त अस्वस्थ केलं. न उघडणारी प्रत निदान खरं सांगते.

तर आता डेटाबेस असलेल्या संचाला आधी एक पूर्वतयारी जोडणं सक्तीचं. एसक्यूलाइट असेल तर त्याचीच बॅकअपची सोय किंवा 'व्हॅक्यूम इंटू', पोस्टग्रेस असेल तर डेटाबेसमधला मजकूर बाहेर काढून देणारा पीजीडंप, आणि मोठ्या सर्व्हरवर वॉल साठवत राहणं. इतर ठिकाणी फाइलसिस्टिमचा किंवा डिस्कच्या अख्ख्या भागाचा स्नॅपशॉट: झेडएफएस, बीटीआरएफएस, एलव्हीएम, विंडोजवर व्हीएसएस. स्नॅपशॉट म्हणजे वीज अचानक गेल्यासारखी स्थिती. नीट लिहिलेला डेटाबेस त्यातून उठतो, पण त्याच्या सगळ्या फाइली एकाच स्नॅपशॉटमध्ये असतील तरच.

पूर्वतयारी फसली तर? बाकीच्या फाइली घ्यायच्याच, त्यांनी काय घोडं मारलंय. पण त्या संचाचं वय शून्यावर आणायचं नाही.

४ मार्च

'झालं' म्हणजे काय, यावर आज बराच वाद झाला.

आरसिंक शेवटी एक आकडा देऊन जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक. २३ म्हणजे काही गोष्टी पोचल्या नाहीत. २४ म्हणजे यादी करताना असलेल्या फाइली उचलायच्या वेळी गायब होत्या. रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम ३ देतो, म्हणजे प्रत बनली पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. आमच्या जुन्या कोडमध्ये एका ओळीत शून्य सोडून सगळं अपयश होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी कंटाळून सगळंच यश करून टाकलं होतं. बहुतेक मीच.

तीन स्थिती ठरवल्या: पूर्ण, अपुरी, फसलेली. वय फक्त 'पूर्ण' झाल्यावर नव्याने सुरू होणार. हे ऐकायला स्वच्छ वाटतं, पण दोन दिवस चालवून बघितलं तर बहुतेक मशीन कायमची 'अपुरी'. कुठे ब्राउझरची तात्पुरती फाइल मधेच नाहीशी होते, कुठे एखादी फाइल कायम कुलूपबंद. रोज पिवळी खूण दिसली की चौथ्या दिवशी माणूस पिवळ्याकडे बघणं सोडतो, आणि मग हिरव्या खुणेचं जे झालं तेच पिवळीचं.

मैत्रिणीचं म्हणणं होतं की अशा जागा वगळायच्या याद्या वाढवा. मला त्या याद्यांची धास्ती वाटते. वगळलेली गोष्ट पुन्हा कुणी बघत नाही, आणि एक दिवस तिथेच कुणीतरी महत्त्वाचं ठेवायला लागतं.

मधला मार्ग असा निघाला: वय संचाला आहेच, पण फाइललाही आहे. यादी करताना होती आणि नंतर मालकानेच काढून टाकली, ती फाइल चुकली असं धरायचं नाही. वाचता न आलेली फाइल एकदा हुकली तर नोंद करून गप्प बसायचं, पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न. लागोपाठ तीन फेऱ्या हुकली, किंवा तिच्या शेवटच्या चांगल्या प्रतीचं वय संचाच्या मर्यादेच्या पुढे गेलं, की ती नावानिशी पडद्यावर सगळ्यात वर. "१४ फाइली वाचता आल्या नाहीत" असं वाक्य कुठेही येता कामा नये. कुठल्या फाइली, कधीपासून, का, हे आलं पाहिजे.

७ मार्च

कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या ३१ जानेवारी २०१७ च्या प्रसंगाचा त्यांनीच लिहिलेला अहवाल पुन्हा वाचला. चुकीच्या सर्व्हरवर डेटा काढून टाकण्याची आज्ञा दिली गेली आणि सुमारे ३०० जीबी गेले. पण मी पुन्हा वाचला तो पुढच्या भागासाठी. रोजचा पीजीडंप चालत होता असं सगळे धरून होते. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, डंप करणारा प्रोग्रॅम मात्र ९.२ चा चालवला जात होता, त्यामुळे तो लगेच चूक देऊन थांबत होता. चूक कळवणारी ईमेल निघतही होती, पण समोरचा सर्व्हर डीमार्कच्या (ईमेल खरंच त्या पत्त्यावरून आली का ते बघणाऱ्या) तपासणीत ती नाकारत होता. बॅकअप ठेवायची जागा उघडली तर रिकामी. वाचवलं ते सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने.

त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं याबद्दल मनापासून आदर वाटतो. किती जणांना त्यातून शिकता आलं.

आपल्याकडे बदल: ज्याचं काम फसलंय त्यानेच फसल्याचं कळवावं, यावर विसंबायचं नाही. वय मोजायची जबाबदारी प्रती जिथे साठतात त्या सर्व्हरकडे दिली. त्याला मशीनकडून निरोप येण्याची गरज नाही. त्याच्याकडची सर्वांत नवी पूर्ण प्रत मर्यादेपेक्षा जुनी झाली की तो ओरडतो. लॅपटॉप बंद असो, क्रॉन मेलेला असो, पासवर्ड बदललेला असो, शांतता हीच सूचना. आणि सूचना पाठवायचा रस्ता चालू आहे हे कळावं म्हणून आठवड्यातून एकदा चाचणीची सूचना जाते. ती आली नाही तर विचारणा करायची, असं दोन माणसांना सांगून ठेवलंय.

आकारावरही नजर. कालपर्यंत ४० जीबीचा डंप आज काही किलोबाइटचा आला तर ती प्रत 'पूर्ण' नाही, काम संपताना मिळालेला आकडा शून्य असला तरी.

१३ मार्च

साफसफाई. हा भाग मी मुद्दाम लांबवत होतो, कारण अख्ख्या प्रोग्रॅममध्ये डेटा नष्ट करणारा कोड हाच.

चौकट सगळ्यांना माहीत असलेलीच: सात दिवसांच्या, पाच आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या प्रती. आजोबा-वडील-मुलगा म्हणतात ती. एकच प्रत आठवड्याची आणि महिन्याचीही असू शकते, म्हणून २४ पेक्षा थोड्या कमीच साठतात.

जुना नियम होता: "३० दिवसांपेक्षा जुनं ते काढ." समजा मशीन चाळीस दिवस बंद होतं. परत चालू झालं, साफसफाई आधी धावली, आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या प्रती गेल्या. नव्या प्रतीचं काम अजून सुरूही व्हायचं होतं. म्हणून मोजायचं कॅलेंडर नव्हे, हातातल्या प्रती. 'सात दिवस' म्हणजे ज्या दिवशी प्रत आहे असे शेवटचे सात दिवस. रेस्टिकचा नियमही असाच चालतो. शिवाय तीन अटी मी कोडमध्ये अशा जागी घातल्यात की कुठल्याही सेटिंगने त्या ओलांडता येणार नाहीत: शेवटची पूर्ण प्रत कधीच काढायची नाही, 'अपुरी' प्रत राखून 'पूर्ण' काढायची नाही, आणि साफसफाई फक्त ताजी पूर्ण प्रत आल्यानंतर.

खंडणीखोर सॉफ्टवेअरचा प्रश्न यातच येतो. ते फाइली कुलूपबंद करतं, आपण त्या बिघडलेल्या फाइलींच्या प्रती निष्ठेने घेत राहतो आणि चांगल्या जुन्या प्रती नियमाने काढत जातो. एरवी एका फेरीत दोन-तीन टक्के फाइली बदलणाऱ्या संचात एकदम निम्म्याहून जास्त बदलल्या तर प्रत घ्यायची, पण साफसफाई थांबवून माणसाला हाक मारायची. आणि मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या असल्याच सॉफ्टवेअरने विंडोजच्या शॅडो कॉपी (मशीनवरच ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. ज्या मशीनचा बॅकअप आहे त्याच्याकडे प्रत वाढवायचा अधिकार हवा, काढायचा नको. काढायचा अधिकार सर्व्हरवरच्या वेगळ्या खात्याला, त्याची किल्ली वेगळी.

आज प्रत्यक्ष काहीही काढलं नाही. दोन आठवडे फक्त "हे काढलं असतं" अशी यादी छापणार आणि रोज सकाळी आम्ही दोघं ती वाचणार.

१८ मार्च

जागा संपण्याबद्दल: काम सुरू करण्याआधीच अंदाज घ्यायचा. जागा कमी म्हणून आपोआप जुन्या प्रती काढायच्या नाहीत. थांबायचं, सांगायचं.

२५ मार्च

कूटबद्ध प्रतींची किल्ली कुठे ठेवलीय हे सगळ्या मशीनवर तपासलं. दोन ठिकाणी ती फक्त त्याच मशीनवर होती, ज्याचा तो बॅकअप. मशीन गेलं असतं तर प्रती शाबूत आणि किल्ली आत. आता किल्ली कागदावर छापून दुसरीकडे ठेवल्याची खात्री दिल्याशिवाय पहिली प्रत 'पूर्ण' ठरत नाही.

३१ मार्च

आज जागतिक बॅकअप दिन. आम्ही तो रिस्टोअर करून पाळला. एक कोरं मशीन, हातात फक्त कागदावरची किल्ली आणि सूचनांचं पान. ३८० जीबीचा संच. अट अशी की ज्याने कोड लिहिला त्याने, म्हणजे मी, तोंड उघडायचं नाही.

पाच तास वीस मिनिटं लागली. गिगाबिट लाइनच्या हिशोबाने तासाभरात व्हायला हवं होतं. पण लाखो लहान फाइली एकेक करून तयार करण्यात वेळ गेला. ही वेळ आता प्रत्येक संचापुढे दाखवायची. डिस्क गेल्यावर माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, किती वेळ लागेल.

सूचनांच्या पानात दोन पायऱ्या गाळलेल्या निघाल्या. माझ्या हातांना त्या इतक्या सवयीच्या होत्या की लिहायचं सुचलंच नाही.

मग चेकसम ताडले. सगळे जुळले, फक्त नऊ फाइली 'गायब' आणि नऊ फाइली 'आगंतुक'. नावं बघितली तर दोन्ही याद्या हुबेहूब सारख्या. 'दुसऱ्या तिमाहीचा हिशोब' इकडे गायब, 'दुसऱ्या तिमाहीचा हिशोब' तिकडे आगंतुक. डोळ्यांना काहीच फरक दिसेना. बाइट छापले तेव्हा उलगडलं. नऊही नावांत ऱ्या किंवा ऱ्हा होता. हा 'ऱ' युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, मिळून सहा बाइट. या नऊ फाइली जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आल्या होत्या, आणि ती फाइलसिस्टिम नावं सुटी करून साठवते. आमची यादी एका तऱ्हेने, डिस्क दुसऱ्या तऱ्हेने.

डेटा सुखरूप होता. पण हीच चूक साफसफाईच्या कोडमध्ये असती तर? मूळ जागी ही फाइल आता नाही, असं समजून त्याने तिच्या प्रती मोजणीतून उतरवल्या असत्या. संध्याकाळी तो कोड ओळीओळीने वाचला. तिथेही नावं जशीच्या तशी ताडत होतो. नशिबाने तो अजून फक्त यादी छापतोय. आता ताडताना दोन्ही नावं एकाच रूपात आणतो, साठवताना मात्र मूळ बाइट तसेच ठेवतो.

८ एप्रिल

साठवलेल्या प्रती वाचून बघण्याचं कामही शेड्यूलरकडे सोपवलं. रोज साठ्याचा तिसावा भाग वाचायचा, चेकसम ताडायचा. तीस दिवसांत सगळा साठा एकदा वाचून होतो. रेस्टिकमध्येही असा भाग सांगून तपासण्याची सोय आहे. कोड लिहिताना मजा अशी झाली की नवीन काही लिहावंच लागलं नाही. वाचून बघण्यालाही एक वय आहे, एक मर्यादा आहे, सवड काढायची रीत तीच. रिस्टोअर करून बघण्यालाही वय दिलं, मर्यादा ९० दिवस. ते मशीन स्वतः करणार नाही, माणसाला आठवण करून देईल.

१५ एप्रिल

'हे काढलं असतं' याद्यांची मुदत मुळात दोन आठवड्यांचीच होती, पण ३१ मार्चनंतर आम्ही ती पुन्हा पहिल्यापासून मोजली. आज पंधरा दिवस झाले, एकही चुकीचं नाव आलेलं नाही. साफसफाई उद्यापासून खरी चालू, सुरुवातीला एकाच संचावर.

पडद्यावरची हिरवी खूण काढून टाकली. त्या जागी तीन ओळी आल्या. त्या बाईच्या नव्या लॅपटॉपपुढे आज दुपारी हे दिसत होतं:

शेवटची पूर्ण प्रत: २ तास १० मिनिटांपूर्वी (मर्यादा ४ तास)
वाचून ताडलेला साठा: सर्वांत जुना भाग ७ दिवसांपूर्वी (मर्यादा ३० दिवस)
रिस्टोअर करून पाहिलं: अजून नाही

तिसरी ओळ लाल आहे. तिला फोन केला, उद्या सकाळी अकराला बसतोय. कुठलं फोल्डर परत आणून दाखवायचं ते ती निवडणार आहे.